आश्रयदात्याचें चित्र

परक्या देशांत जाऊन घर मांडणाऱ्या माणसाची कथा वाङ्मयाला नवी नाहीं. परंतु तो उतरल्याबरोबर त्याच्या हातांत ब्लँकेट, खाट, शिधापत्रिका आणि नव्या भाषेचें पहिलें पुस्तक ठेवणारें सरकार हें पात्र मात्र नवें आहे. पूर्वीं देशांतर करणारा मनुष्य एखाद्या जातभाईच्या ओसरीवर पथारी टाकी, आणि पुढें बरेंवाईट जें होई तें त्याच्या दैवाचें म्हणून सोडून देण्यांत येई. विसाव्या शतकांत हें काम सरकारांनीं अंगावर घेतलें, आणि त्याबरोबर कादंबरीकारापुढें एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला. ज्यानें आपणांस जेवूं घातलें त्याचें चित्र कसें काढावें? स्तुति केली तर ती भाटगिरी ठरते. दोष दाखविले तर वाचक कृतघ्न म्हणतो. इस्राएलमधील तीन लेखकांनीं हा प्रश्न आपापल्या परीनें कसा सोडविला, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. हिब्रू आम्हांस येत नाहीं. कोठें इंग्रजी भाषांतर, कोठें अभ्यासकांनीं दिलेला विस्तृत परिचय, एवढ्याच शिदोरीवर हा लेख उभा आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

प्रथम वस्तुस्थिति. सन १९४८ च्या मे महिन्यांत इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, तेव्हां तेथील ज्यू लोकसंख्या सुमारें साडेसहा लाख होती. पुढच्या साडेतीन वर्षांत जवळजवळ तितकेच लोक बाहेरून आले. घरांत जितकीं माणसें तितकेच पाहुणे, आणि तेही कायमचे! सन १९५० च्या 'परतीच्या कायद्या'नें जगांतील प्रत्येक ज्यू माणसास तेथें येऊन वसण्याचा हक्क दिला. आरंभीं येणाऱ्यांस छावण्यांत ठेवून 'ज्यू एजन्सी' ही संस्था त्यांस फुकट जेवूं घालीत असे. ही संस्था म्हणजे सरकार नव्हे, पण वसाहतीच्या कामांत सरकारचा उजवा हात. फुकटच्या जेवणानें तिजोरी रिकामी होते आणि माणसेंही हातपाय गाळून बसतात, असें चालकांस लवकरच वाटूं लागलें. तेव्हां पुढें पंतप्रधान झालेले लेवी एश्कोल यांच्या सूचनेवरून सन १९५० च्या मे महिन्यांत 'माबारा' नांवाची नव्या पद्धतीची छावणी निघाली. माबारा म्हणजे वाटेंतला मुक्काम. येथें तंबू, नाहीं तर कॅनव्हासची किंवा पत्र्याची खोली मिळे. चूल मात्र ज्याची त्यानें पेटवावयाची. त्यासाठीं रस्ते बांधणें, झाडें लावणें असलीं कामें मजुरांच्या कचेरीमार्फत मिळत, आणि तींही मोजूनमापून. सन १९५१ च्या अखेरीस अशा सव्वाशेंच्या आसपास छावण्यांतून दोन लाखांहून अधिक माणसें राहत होतीं. त्याच काळांत साऱ्या देशांत शिधावाटप चालू होतें. म्हणजे यजमानाच्याही ताटांत फारसें कांहीं नव्हतें. ही गोष्ट टीकाकारानें विसरूं नये. कादंबरीकार ती पुष्कळदां विसरतात, आणि तसें विसरण्याचा त्यांस थोडाफार अधिकारही आहे.

आमचे तिन्ही लेखक बगदादचे. सन १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास ज्यू इस्राएलला गेले. जातांना त्यांस इराकचें नागरिकत्व सोडावें लागलें, आणि मागें राहिलेली मालमत्ता सरकारनें सन १९५१ च्या मार्चमध्यें गोठविली. तेव्हां माबाराच्या चिखलांत उतरलेला मनुष्य हा जन्माचा दरिद्री नव्हता; काल-परवांपर्यंत तो पेढीवर बसणारा व्यापारी होता किंवा कचेरींतला कारकून होता. ह्या वाङ्मयांतील सगळा कडवटपणा ह्या एका गोष्टींतून निघाला आहे.

तिघांपैकीं शिमोन बल्लास यांची कादंबरी सर्वांत आधीची. सन १९३० मध्यें बगदादेस जन्म, सन १९५१ मध्यें देशांतर, आणि कांहीं काळ माबारांतच वस्ती, असा त्यांचा पूर्ववृत्तांत आहे. 'हा-माबारा' ही त्यांची कादंबरी सन १९६४ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत नायक असा कोणी नाहीं. वस्ती हीच नायक. वस्तींत एक कॉफीचें दुकान आहे. तेथें बगदादच्या आठवणी, कामाच्या पाळ्या आणि आपसांतलीं भांडणें यांचा खल चालतो, आणि आपली समिति आपणच निवडावी हा विचारही तेथूनच पसरतो. अधिकाऱ्यांस हें रुचत नाहीं. एवढेंच काय तें कथानक. बल्लास यांचा रोख असा कीं, भुकेपेक्षां आणि गळक्या छपरापेक्षां आपल्याविषयीं दुसऱ्यानें परभारें ठरवावें हें दुःख मोठें. तें त्यांनीं व्याख्यान न झोडतां दाखविलें आहे, हें त्यांचें यश. मात्र वस्तींतलीं माणसें जितकीं जिवंत तितकीं कचेरींतलीं नाहींत. बल्लास एके काळीं साम्यवादी पक्षांत होते. त्या संस्कारामुळें अधिकारी हा माणूस न राहतां वादांतली एक बाजू झाला, असा आमचा ग्रह आहे.

ह्या कादंबरीची जन्मकथा अधिक मनोवेधक आहे. बल्लास यांनीं ती प्रथम अरबींत लिहावयास घेतली होती. पुढें अरबी बाजूस सारून ती हिब्रूंत लिहिली. नव्या राष्ट्रानें आलेल्यांस भाषा शिकविण्याचा मोठा उद्योग आरंभिला होता. 'उल्पान' नांवाचे वर्ग सन १९४९ पासून निघाले. त्यांत कांहीं महिने सतत हिब्रू शिकवून मोठ्या माणसास बोलतें करीत. घर, काम, औषध या साऱ्या मदतींत भाषेची मदत ही अशी आहे कीं, ती एकदां दिल्यावर देणाऱ्याच्या ताब्यांत राहत नाहीं. खोली काढून घेतां येते, कामाचे दिवस कमी करतां येतात; शिकविलेला शब्द परत घेतां येत नाहीं. ज्या भाषेंत छावणीचे हुकूम निघत त्याच भाषेंत छावणीचा जमाखर्च ह्या लेखकानें मांडला. आणि हुकूम काढणाऱ्यांच्या मुलाबाळांनीं तो वाचला, हें त्याहून विशेष.

सामी मायकेल यांची कादंबरी सन १९७४ ची. तिच्या नांवाचा अर्थ 'समान आणि अधिक समान' असा होतो, आणि तें ऑर्वेलच्या पशूंच्या राज्याची आठवण देतें हें इंग्रजी वाचणाऱ्यांस सांगावयास नको. तींतील एक प्रसंग फार गाजला आहे. बगदादहून आलेलें कुटुंब नव्या भूमीवर उतरतें. बाप आपल्या ठेवणींतल्या पोशाखांत आहे. कारण तो कोठें भिक्षेस आलेला नाहीं, पूर्वजांच्या देशांत परत आलेला आहे. आणि पहिलें स्वागत होतें तें अंगावर डी.डी.टी.ची पूड फवारून. पुढें त्या बापाचें कर्तेपण थोडें थोडें ढासळत जातें. त्यास कोणी मारीत नाहीं, उपाशीही ठेवीत नाहीं. फक्त घरांतल्या कोणत्याही गोष्टीसाठीं आतां त्याच्याकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. अन्न छावणींतून, काम कचेरींतून, भाषा मुलांकडून! आम्हांस विचाराल तर ह्या वाङ्मयांतील सर्वांत खरें निरीक्षण हेंच. सरकारी मदत ही माणसास मिळते, पण ती घरांतल्या वडीलपणाच्या जागीं येऊन बसते. आणि मुलगा बापाचा दुभाषी झाला कीं त्या घराची उतरंड पालथी होते.

येथें एक शंका काढणें आमचें कर्तव्य आहे. ती पूड त्या काळीं उवा आणि हिवताप यांवरचा साधा उपाय समजली जाई, आणि यूरोपांतून आलेल्यांच्या अंगावरही ती पडली होती. मग ह्या प्रसंगांत लेखकानें अन्याय केला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. फवारणाऱ्याच्या मनांत तुच्छता होती असें लेखक सिद्ध करीत नाहीं. तो पोशाखावर पडलेली पांढरी पूड दाखवितो आणि मुलाचे डोळे बापाकडे वळवितो. आरोग्य-खात्याचा अहवाल आणि त्या मुलाची आठवण हीं दोन्ही खरीं असूं शकतात. कादंबरी दुसरीसाठींच असते.

आतां एली अमीर. यांच्याकडे आमचा ओढा आहे हें लपवीत नाहीं. सन १९८३ मध्यें आलेल्या त्यांच्या कादंबरीचें नांव 'तार्नगोल कापारोत'. प्रायश्चित्ताच्या दिवसापूर्वीं पाप उतरावें म्हणून डोक्यावरून ओवाळावयाचा कोंबडा, असा त्याचा अर्थ. आमच्याकडील उताऱ्याची चाल ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या नांवाची बोच निराळी समजावून देण्याचें कारण नाहीं. नूरी हा बगदादचा पोरगा माबारांतून उचलून किब्बुत्झ या सामुदायिक शेतवाडींत शिकावयास पाठविला जातो. तेथें स्वच्छता आहे, पोटभर अन्न आहे, संगीत आहे. फक्त त्याचें जुनें जें कांहीं आहे तें तेथें कोणास नको आहे. सुटींत तो आईबापांच्या वस्तींत येतो तेव्हां त्यास तिचीही लाज वाटते आणि आपल्या लाजेचीही लाज वाटते. ही दुहेरी लाज अमीर यांनीं ज्या हळुवारपणें उकलली आहे तशी ती बाकीच्या दोघांस साधलेली नाहीं. शिक्षक, पर्यवेक्षक, शेतवाडींतले जुने रहिवासी हे येथें खलपुरुष नाहींत. त्यांचा हेतु चांगला आहे, आणि त्या चांगुलपणापुढें मुलास बोलतां येत नाहीं, हीच अडचण आहे. वाईट माणसाविरुद्ध तक्रार करतां येते. भल्या माणसाविरुद्ध ती कोणाकडे न्यावी?

अमीर यांस ही नजर कोठून आली याचा थोडासा उलगडा त्यांच्या चरित्रांत होतो. मुलांना आणून त्यांचें शिक्षण करणाऱ्या 'युवक अलिया' ह्या खात्याचे ते स्वतः लाभार्थी होते. पुढें त्याच खात्याचे ते प्रमुख झाले. टेबलाच्या दोन्ही बाजूंस बसलेला लेखक विरळा. अशा माणसानें एक तर आत्मसमर्थन लिहावें किंवा राजीनाम्यासारखें कांहीं तरी लिहावें, अशी आपली अपेक्षा असते. त्यांनीं दोन्ही टाळलीं.

चित्रपटाबद्दल एकच वाक्य. सन १९६४ च्या 'सालाह शबाती'नें माबाराचा विनोद करून सोडला. कचेरी आणि पक्षांचे दलाल यांची खूप टर उडविली, पण छावणींतल्या माणसासही आळशी विदूषक करून ठेवलें, आणि तें लोकांस अधिक आवडलें!

ह्या सर्व लेखकांची एक मर्यादा सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, आणि ती सांगावयास आपणांस पलीकडच्या पक्षांतील लेखकाकडे जावें लागतें. सन १९४८ च्या युद्धांत सुमारें सात लाख पॅलेस्टिनी अरब घरांबाहेर पडले, आणि त्यांचीं पुष्कळ रिकामीं घरें नव्यानें आलेल्यांस वाटण्यांत आलीं. घस्सान कनफानी यांच्या सन १९६९ मधील 'हैफाला परत' ह्या लघुकादंबरींत एक अरब जोडपें वीस वर्षांनीं आपलें घर पाहावयास जातें. तेथें यूरोपांतल्या संहारांतून वांचून आलेली एक बाई राहत आहे. एजन्सीनें तिला व तिच्या पतीला घर दिलें, आणि त्या घरांत धावपळींत मागें राहिलेलें मूलही दिलें. येथें मदतीचा कागद एकच. त्याच्या पाठीमागें दुसऱ्या कुटुंबाचें नांव खोडलेलें आहे. कथेच्या उत्तरार्धांत वादविवाद फार झाला आहे आणि कलेच्या दृष्टीनें तो जड जातो. परंतु ज्याचें घर गेलें त्या पक्षाच्या लेखकानें घर मिळालेल्या बाईस दुष्ट रंगविलें नाहीं, उलट सहानुभूति दिली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. बगदादच्या तिघांचे अधिकारी ह्या बाईच्या शेजारीं ठेवून पाहावे.

मराठी वाचकास हा सारा विषय दूरचा वाटेल, पण तो तितका दूर नाहीं. कोंकणांतील ज्या 'शनवार तेल्यां'स आपण बेने इस्राएल म्हणून ओळखतों, त्यांतलीं कित्येक कुटुंबें ह्याच वर्षांत मुंबईहून निघून बीरशेबासारख्या ठिकाणीं उतरलीं. रंगावरून भेद होतो अशी तक्रार करून त्यांतील कांहींनीं सन १९५१ मध्यें धरणें धरलें. सन १९५२ मध्यें एका तुकडीस मुंबईस परत पोंचविण्यांत आलें, आणि पुढें त्यांतले बरेच जण पुन्हां इस्राएललाच गेले. सन १९६२ मध्यें विवाहाच्या बाबतींत त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा फतवा धर्मपीठानें काढला. त्याविरुद्ध लढून सन १९६४ मध्यें त्यांनीं संसदेकडून समानतेचा ठराव करून घेतला. जाणें, रुसून परत येणें आणि पुन्हां जाणें! एवढें नाट्य कोणत्या कादंबरीकारास आयतें मिळतें? तरीही 'हा-माबारा'च्या तोडीची मराठी कृति आमच्या पाहण्यांत नाहीं. तिकडे 'मायबोली' हें मराठी नियतकालिक निघालें, म्हणजे लिहिणारा हात नव्हता असेंही म्हणतां येत नाहीं. आणि दोष त्यांनाच कां द्यावा? कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची छावणी पडली व सन १९४९ मध्यें तिचें उल्हासनगर झालें, तें तर आमच्या आगगाडीच्या वाटेवर होतें; आमच्या कादंबरीनें खिडकींतून तिकडे किती वेळ पाहिलें?

सरकारी वसाहतीचें आंतून काढलेलें चित्र आमच्याकडे एक आहे, आणि तें विभावरी शिरूरकरांच्या सन १९५० च्या 'बळी'चें. तींतले लोक परदेशांतून आलेले नाहींत. गुन्हेगार ठरविलेल्या जातींचे, तारेच्या कुंपणांत ठेवलेले ह्याच देशाचे रहिवासी आहेत. पण लेखिका अशा वसाहतींच्या कारभारांत स्वतः अधिकारावर होत्या. अमीर यांच्याप्रमाणें त्यांसही टेबल ठाऊक होतें, फरक इतकाच कीं त्या पलीकडच्या खुर्चीवरून उठून आलेल्या नव्हत्या. 'बळी' आणि 'तार्नगोल कापारोत' हीं दोन्ही नांवें शेवटीं एकाच अर्थाचीं निघावीं हा योगायोग आहे. परंतु दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचण्याचा उद्योग एखाद्या विद्यार्थ्यानें अवश्य करावा. बगदादच्या पुस्तकांत वसाहतीची मुदत संपते, पोरगा मोठा होऊन बाहेर पडतो. सोलापुराकडील तारेच्या आंत जन्मलेल्या पोराचें तसें होतें कीं नाहीं, हें त्यानें दोन्ही पुस्तकांतून काढून दाखवावें.