दहा राग आणि न थांबणारा ठोका

(कर्वेनगर, पुणे येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आत्ता आपण ऐकला तो राग भैरव. साल १९८२, ध्वनिमुद्रण मुंबईचं. अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', वादक चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे कलाकार. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं वापरली : सुरावटीसाठी ज्युपिटर-८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि ठोक्यासाठी टीआर-८०८. तेव्हा रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१०मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे समीक्षक चकित झाले. शिकागोचं 'अ‍ॅसिड हाउस' रेकॉर्डवर आलं १९८७च्या सुमारास, आणि हे त्याआधी पाच वर्षं!

कौतुक ठीक आहे. पण कोणाच्या आधी केलं, ही काही संगीताची कसोटी नव्हे. वर रागाचं नाव लिहिलंय ना, मग राग म्हणूनच ऐकूया.

आधी जमेची बाजू. पेटीवर मींड निघत नाही; १९४०मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागचं एक कारण हेच होतं. या यंत्रांत मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि सिंग ती जाणून वापरतात. मींडेची ओढ तिथे खरोखर ऐकू येते.

अडतं कुठे? ठोक्यापाशी. पहाटेचा भैरव काय, रात्रीचा मालकंस काय, सगळे एकाच घाईत, पाचेक मिनिटांत संपतात. तुम्ही म्हणाल, द्रुत बंदिशीतही ठेका थांबत नाही. खरंय. पण तबलजी ऐकत असतो, गवयाला जागा देतो, समेवर भेटतो. ८०८ला कान नाहीत. डिस्कोत प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा, म्हणजे ना सम, ना खाली. मग यायचं कुठे?

म्हणून मला ही दहा लक्षणगीतांसारखी वाटतात. रागाची ओळख पटते, सहवास घडत नाही. एवढंही त्या यंत्रांकडून काढणं सोपं नव्हतं, हे विसरू नका. आज लॅपटॉपवर लय हवी तशी सैल करता येते. तेव्हा राग घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं : आधी ठोका बंद करा, नुसत्या तानपुऱ्यावर सूर लावून बघा. मग गरज वाटली तर ठोका आणा.

आता 'ललित' लावूया. त्यातल्या दोन मध्यमांकडे कान ठेवा. तिथे क्षणभर रेंगाळावंसं वाटतं. यंत्र रेंगाळू देतंय का, ते तुम्हीच ठरवा.