शांता आपटे : गीत आणि उक्ती

‘गायिका-नटी’ या जोडशब्दाने शांता आपटे यांचे अर्धेच कर्तृत्व सांगितले जाते. गळ्याच्या बळावर त्या १९३२ साली ‘श्यामसुंदर’मध्ये आल्या हे खरे, परंतु ‘कुंकू’त (१९३७) गाणे हेच पात्राचे भाषण झाले आहे. व्ही. शांताराम यांनी तेथे पार्श्वसंगीत वर्ज्य केले. ध्वनी उमटतो तो कथेतील वस्तूंतूनच. म्हणून जरठविवाह नाकारणारी नीरा ग्रामोफोनच्या साथीने गाते, तेव्हा केशवराव भोळे यांची चाल अलंकार न राहता प्रतिवाद ठरते. तानेपेक्षा शब्दावरील आघात येथे महत्त्वाचा. नुसत्या तबकड्या ऐकून हे उमगणार नाही. त्यांच्या १९४० सालच्या पुस्तकाचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे नावही पाहावे : क्रियापद वडीलधाऱ्यांची अनुज्ञा मागणारे, मजकूर मात्र चित्रधंद्याची झडती घेणारा.