साहसकाळ आणि इतिहासकाळ : 'नारुतो' आणि 'वन पीस'

दीर्घकाळ चालणाऱ्या जपानी शोनेन मालिकांची तुलना बहुधा नायकांचे सामर्थ्य, लढायांची रंगत किंवा चित्रणाचा दर्जा या अंगांनी केली जाते. ती निरर्थक नाही. परंतु शेकडो भागांच्या आख्यानाबाबत अधिक मूलगामी प्रश्न काळाचा आहे. एवढ्या विस्तारात काळ कसा घडतो, भूतकाळाचे ओझे कोण वाहतो आणि कथानक त्याचा हिशेब कोणापुढे मांडते, या प्रश्नांच्या आधारे येथे 'नारुतो' आणि 'वन पीस' या दोन मालिका विचारात घेतल्या आहेत. प्रस्तुत लेखकाची पसंती 'वन पीस'ला आहे, हे आरंभीच नोंदवलेले बरे. ती निर्विवाद मात्र नाही.

दोन्ही मालिकांचे मूळ 'साप्ताहिक शोनेन जंप' या कुमारवयीन मुलांसाठीच्या नियतकालिकातील चित्रकथांत आहे. एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही चित्रकथा १९९७ मध्ये सुरू झाली आणि तोएई अ‍ॅनिमेशनने १९९९ मध्ये ती पडद्यावर आणली. मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' १९९९ ते २०१४ अशी चालली. स्टुडिओ पिएरोने २००२ ते २०१७ या काळात, 'शिप्पुदेन' हा उत्तरार्ध धरून, तिचे ७२० भाग केले.

बाख्तिनने ग्रीक साहसकथांच्या संदर्भात ज्या काळाचे वर्णन केले आहे, तो नायकावर खूण न ठेवणारा काळ आहे. वादळे येतात, अपहरणे होतात, पण नायकाचे वय वा व्यक्तित्व बदलत नाही. त्याउलट विकासकादंबरीत नायक जगाबरोबर घडतो आणि ऐतिहासिक काळ त्याच्या आत शिरतो. या भेदानुसार पाहिले तर 'वन पीस' उघडच साहसकथेच्या बाजूची ठरते. जहाज, बेट, संकट, सुटका, पुन्हा जहाज असा तिचा क्रम असून पडद्यावर पाव शतक उलटले तरी लुफी सतराचा एकोणीस वर्षांचाच होतो. 'नारुतो' विकासकथेच्या बाजूची आहे. गावाने वाळीत टाकलेला अनाथ मुलगा त्याच गावाचा प्रमुख, होकागे, होऊ पाहतो. म्हणजे इतिहासाची अपेक्षा 'नारुतो'कडून करावी. घडते ते उलटेच.

'नारुतो'च्या पूर्वार्धात नेजीबरोबरचा सामना येतो. ह्यूगा घराण्याच्या कनिष्ठ शाखेत जन्मल्यामुळे नेजीच्या कपाळावर दास्याची मुद्रा कोरलेली आहे आणि जन्म हेच प्राक्तन, असे तो मानतो. परीक्षेत नापास होणारा नारुतो त्याला हरवतो आणि आपण होकागे झाल्यावर ह्यूगांची ही रीत बदलू, असा शब्द देतो. येथे मालिका एका सामाजिक रचनेला उघड आव्हान देते. पुढे मात्र नारुतो हा चौथ्या होकागेचा मुलगा ठरतो, त्याही पुढे पुराणपुरुषाच्या पुत्राचा, आशुराचा, नवा जन्म ठरतो. नेजी महायुद्धात मरतो. जन्माविरुद्ध दिलेला शब्द जन्माच्याच महिम्याखाली विरून जातो.

उचिहा कुळाच्या हत्याकांडाचे असेच होते. गावाच्या सत्ताधाऱ्यांनीच इताचीकडून त्याचे सारे कुळ मारवले, हे उघड झाल्यावर सासुकेचा क्रोध एका व्यक्तीवरून राज्यसंस्थेकडे वळतो. शोनेन प्रकारात दुर्मिळ असा हा क्षण आहे. परंतु कथानक तो प्रश्न गावाच्या चव्हाट्यावर आणत नाही. दोन मित्रांच्या भांडणात त्याचे रूपांतर करते आणि अखेरीस कागुया नावाच्या आदिदेवतेपर्यंत जाऊन साऱ्या संघर्षाचे मूळ तिच्यात शोधते. बड्या राष्ट्रांच्या युद्धात चिरडलेल्या देशातून आलेला नागातो शांततेचा मार्ग विचारतो, तेव्हाही नारुतोचे प्रामाणिकपण त्याला जिंकते आणि तो मेलेल्या गावकऱ्यांना परत उठवतो. तो प्रसंग हृद्य आहे, पण प्रश्न राजकीय होता आणि उत्तर वैयक्तिक मिळाले. प्रत्येक शत्रूचे पूर्ववृत्त ऐकून घेणे ही नारुतोची करुणा खरी. तथापि ऐकल्यावर क्षमा, आणि क्षमेनंतर विस्मरण, हा क्रम इतक्यांदा येतो की भूतकाळ हे केवळ समेटाचे साधन होऊन बसते.

'वन पीस'मधील ओहाराचे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. या जगाच्या इतिहासातील शंभर वर्षे कोरी आहेत. त्या काळाची नोंद असलेले अभंग शिलालेख वाचणे हा जागतिक सरकारच्या दृष्टीने मोठा गुन्हा आहे. ओहारा बेटावरचे विद्वान तो करतात. त्यांचा प्रमुख क्लोव्हर हा त्या लुप्त राज्याचे नाव उच्चारणार, एवढ्यात त्याला गोळी घातली जाते. मग युद्धनौका बेट भाजून काढतात. ज्ञानवृक्ष जळत असताना विद्वान पळत नाहीत, पुस्तके तळ्यात फेकत राहतात. आठ वर्षांची रॉबिन तेवढी वाचते आणि त्या वयात तिच्या डोक्यावर बक्षीस लागते. या पूर्ववृत्ताला शत्रूच्या मनाचा उलगडा करायचा नाही, कोणाची क्षमाही मिळवायची नाही. इतिहास कोणी लिहायचा, हा वाद एका मुलीच्या देहावर उमटलेला आपण पाहतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. लुफीला सोबत्यांच्या भूतकाळात रस नाही. नामीची कर्मकहाणी सांगितली जाऊ लागते तेव्हा तो चक्क फिरायला निघून जातो. रॉबिनसाठी तो सरकारचा ध्वज जाळायला लावतो, तोही ओहाराचा इतिहास पुसण्यात वेळ न घालवता. इतिहास प्रेक्षकाला कळतो, नायकाला नाही. त्यामुळे तो नायकाच्या सहानुभूतीत जिरून जात नाही. उघडा, न फिटलेला राहतो. साहसकाळाच्या पोकळीत इतिहासकाळ टिकून राहतो तो या युक्तीमुळे.

चित्रपटमाध्यमाची जोड येथे मोलाची ठरते. महाकाय सॉल रॉबिनला सांगतो की दुःख असह्य झाले की हसावे. होडीत एकटी पडलेली ती मुलगी रडत रडत त्याचेच 'देरेशिशि' हे हसू काढून पाहते. कागदावर ही अक्षरे पात्राची लकब म्हणून वाचली जातात. पडद्यावर बालकंठातून राक्षसाचे हसू फुटताना ऐकले, की उसने घेतलेले हसू हाच तिला मिळालेला एकमेव वारसा आहे, हे कानाला कळते.

'वन पीस' निर्दोष नाही. लुफीचा बाप क्रांतिकारकांचा नेता आणि आजा नौदलातला वीर आहे. २०२३ मध्ये पडद्यावर आलेल्या प्रसंगात त्याची रबरी शक्तीही निका या मुक्तिदात्या देवाची ठरते. वंश आणि दैव यांचा मोह ओदांनाही आवरलेला नाही. फरक एवढाच, की लुफीने आधी केलेल्या निवडींचे स्पष्टीकरण या उलगड्यातून निघत नाही.

खरा आक्षेप पडद्यावरील रूपावरच घ्यावा लागतो. मूळ चित्रकथेला गाठू नये म्हणून 'नारुतो'ने भर घातली. १३५ व्या भागानंतर ऐंशीहून अधिक भाग बव्हंशी स्टुडिओने रचलेल्या कथानकांचे आहेत. 'वन पीस'ने असे भाग तुलनेने कमी केले, पण मूळ प्रसंग आतून ताणले. पुष्कळदा एका प्रकरणाचा एक भाग झाला, त्यात थिजलेले चेहरे आणि पुन्हा दाखवलेली दृश्ये आली. भर वगळून 'नारुतो' पाहता येते, आणि तशी पाहिली तर तिचा पूर्वार्ध 'वन पीस'च्या कोणत्याही सलग तुकड्याहून बांधेसूद वाटतो, हे मान्य करावे लागते. ताण वगळता येत नाही. तो दृश्यागणिक वाक्यात मुरलेला असतो. ओहाराचे भाग त्या मानाने नेमके आहेत. तेवढ्यासाठी ड्रेसरोझाच्या शंभराहून अधिक भागांतला सुस्तपणा सोसायला प्रस्तुत लेखक तयार आहे.