डबेवाले, सिक्स सिग्मा आणि एमबीएचा वर्ग

व्यवस्थापन विषयात पीएचडी करायचा विचार असेल, तर मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट तुमच्या कानावर आलेली असणारच. आपल्या पुण्यात एमबीएच्या संस्था पायलीला पन्नास, आणि ऑपरेशन्सच्या तासाला ही गोष्ट अनेक ठिकाणी सांगितली जाते. साधारण अशी: फारसं न शिकलेली माणसं, संगणक नाही, डब्याच्या झाकणावर रंगवलेल्या खुणा, लोकलचं वेळापत्रक, आणि तरी ६० लाख डब्यांमागे एखादीच चूक. म्हणजे सिक्स सिग्मा! स्लाइड बदलते, वर्ग टाळ्या वाजवतो.

मी विज्ञान शाखेतून आलो. प्रयोगशाळेत कुणी आकडा सांगितला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, ‘हे मोजलं कसं?’ या गोष्टीला तोच प्रश्न विचारून बघू.

आकड्याचा माग काढला की आपण १९९८ सालच्या फोर्ब्जमधल्या एका लेखापाशी पोहोचतो. त्याचे मुख्य लेखक सुब्रत चक्रवर्ती. चुका किती होतात, असं त्यांनी डबेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना विचारलं. उत्तराचा आशय असा होता की जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. त्यावरून गणित करून लेखात ८० लाख डब्यांमागे एक चूक असा अंदाज आला. पुढे कुणी ६० लाख म्हणालं, कुणी १ कोटी ६० लाख. आपण सिक्स सिग्मा हा शब्द वापरलाच नव्हता आणि फोर्ब्जने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, असं चक्रवर्तींनी नंतर स्वतः स्पष्ट केलं. म्हणजे एका अनुभवी माणसाचा अंदाज, त्यावर पत्रकाराचा गुणाकार आणि त्यावर वर्गातली स्लाइड. यात मोजणी कुठेच झालेली नाही.

आता मोजायचंच ठरवलं तर काय लागेल, ते बघा. सिक्स सिग्माचा रूढ निकष म्हणजे १० लाख संधींमागे ३.४ चुका. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे, ‘तीनचा नियम’. n वेळा निरीक्षण केलं आणि एकही चूक सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकांचं प्रमाण ३/n पेक्षा जास्त नाही. सिक्स सिग्माची पातळी सिद्ध करायला साधारण ८.८ लाख डबे एकही चूक न होता पोहोचल्याची नोंद हवी. ‘८० लाखांत एक’ म्हणायचं असेल तर २ कोटी ४० लाख डब्यांची. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या लेखात रोजचे डबे १ लाख ३० हजारांच्या वर आणि डबेवाले सुमारे ५ हजार सांगितले आहेत. त्या हिशोबाने ही नोंद जवळपास सात महिने, एकही दिवस न चुकवता, प्रत्येक डब्यासाठी ठेवावी लागेल.

त्याआधी आणखी एक प्रश्न: चूक म्हणजे काय? डबा दुसऱ्याच्या टेबलावर गेला, ही चूक. पण वीस मिनिटं उशिरा आला तर? सांडला तर? रिकामा डबा घरी दुसऱ्या दिवशी परतला तर? ग्राहकाने तक्रारच केली नाही तर? व्याख्या बदलली की आकडा बदलतो. तुमच्या प्रबंधात हीच गोष्ट ‘चलांची व्याख्या’ या कंटाळवाण्या प्रकरणात येते. ते प्रकरण कंटाळवाणं असलं तरी अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा असतो.

गैरसमज नको. डबेवाले खूप चुका करतात असं मी म्हणत नाहीये. त्यांची व्यवस्था विलक्षण आहेच. थॉमके यांच्या लेखाचा भरही कुणा एकाच्या कर्तबगारीवर नाही. संघटना, व्यवस्थापन, कामाची पद्धत आणि संस्कृती ही चारही अंगं एकमेकांना कशी पूरक ठरतात, हे ते दाखवतात. माझी तक्रार डबेवाल्यांबद्दल नाही आणि त्या लेखाबद्दलही नाही. ती आहे वर्गात त्याचं जे होतं त्याबद्दल. व्यवस्थेच्या वर्णनातून वर्ग फक्त कौतुक उचलतो. ‘यांच्याकडून काय शिकता येईल?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. ‘ही व्यवस्था कशावर उभी आहे, आणि ते काढून घेतलं तर काय होईल?’ हा प्रश्न राहून जातो.

त्या प्रश्नाचं उत्तर मार्च २०२० मध्ये मिळालं. डब्याची व्यवस्था चार गोष्टींवर उभी होती: लांबट, उत्तर-दक्षिण पसरलेलं शहर, वेळेवर धावणारी लोकल, ठरलेल्या वेळेला ऑफिसात बसणारा ग्राहक आणि सकाळी चालू असणारं घरचं स्वयंपाकघर. लोकल बंद झाली, ऑफिस घरात आलं. डबेवाल्यांची शिस्त, निष्ठा, मुकादमाची पद्धत यांतलं काहीच बिघडलं नव्हतं, तरी काम थांबलं. बहुतेक डबेवाले आपल्याच पुणे जिल्ह्यातले, मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातले. कित्येक जण गावी परतले. निर्बंध उठल्यावरही अनेक ग्राहक परत आले नाहीत, कारण आठवड्यातले काही दिवस घरूनच काम सुरू राहिलं.

बदलत्या कामाच्या जागेबद्दल भावी मॅनेजरला काही शिकवायचं असेल, तर याहून चांगली केस कुठे मिळणार? पण त्यासाठी केस २०२० नंतरही वाचावी लागेल, आणि ‘चिकाटी असेल तर सगळं जमतं’ हा निष्कर्ष सोडावा लागेल. हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये ‘मॅनेजर्स नॉट एमबीएज’ या पुस्तकात अशीच टीका केली होती: ज्यांनी कधी काही सांभाळलेलं नाही त्यांना वर्गात बसवून, थोड्या पानांच्या जोरावर निर्णय घ्यायला लावलं, तर व्यवस्थापन येत नाही, फक्त आत्मविश्वास येतो. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. पानं थोडी असायला हरकत नाही. पण त्यातला आकडा कुठून आला हे विचारायची सवय तरी लागायला हवी.

दुसरी अडचण निवडीची आहे. केस बहुधा यशस्वी झालेल्यांवर लिहिली जाते. तशाच शिस्तीने काम करूनही जे बंद पडले, ते पुस्तकात येत नाहीत. संशोधनात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. समजून घ्यायला लांब जायला नको. आमच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेचं काम चालतं. स्टील आलं, प्लास्टिक आलं, बंबाच्या जागी गीझर आला. आज काही कारागीर तेच मठारकाम नव्या वस्तूंवर करतात. डिझायनर मंडळींच्या मदतीने दिवे, शोभेच्या वस्तू बनवतात. यावर केस लिहायची म्हणून तुम्ही आळीत गेलात, तर भेटतील ते टिकलेले. ते सांगतील, आम्ही बदललो म्हणून टिकलो. खोटं नाही ते. पण बदलायचा प्रयत्न करूनही ज्यांना हातोडा खाली ठेवावा लागला, ते आज त्या आळीत भेटणार नाहीत. त्यांना शोधल्याशिवाय ‘बदलले म्हणून टिकले’ हे वाक्य निष्कर्ष म्हणून लिहिता येत नाही. ते फक्त गृहीतक आहे.

म्हणून पुढची केस हातात येईल तेव्हा तीन गोष्टी करा. प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने लिहा: कुणी मोजला, कधी, कसा? मग हे यश कोणत्या परिस्थितीवर टेकलेलं आहे, त्याची यादी करा, आणि एकेक गोष्ट खोडून बघा. शेवटी विचारा, या गोष्टीत कोण नाही?

डबेवाल्यांच्या बाबतीत या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुण्याहून एसटीने गाठता येतं. मावळात, खेडला, जुन्नरला परतलेली ती माणसं आज काय करतात, परत का गेली नाहीत, त्यांच्या जागी मुंबईत डबा कोण पोहोचवतं? व्यवस्थापनात पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर हा विषय घ्या. सिक्स सिग्मावर पुष्कळ लिहून झालंय.