उच्च प्राथमिक स्तरावरील कवितेचे सूक्ष्मवाचन : बहिणाबाईंच्या एका कवितेच्या संदर्भात

प्रस्तावना :
इयत्ता सहावी ते आठवीत कविता शिकवताना शब्दार्थ, सारांश व मध्यवर्ती कल्पना हा क्रम बहुधा पाळला जातो. त्यातून कवितेचा ‘संदेश’ हाती लागतो. कविता मात्र मागे राहते. यावर सूक्ष्मवाचनाचा उपाय सुचवला जातो. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या प्रतिसादांची चिकित्सा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथात केली. संहितेकडे लक्ष वेधणारी ही पद्धती मराठीच्या वर्गात कितपत उपयुक्त ठरते, हे बहिणाबाई चौधरी यांच्या सुगरणीच्या खोप्यावरील कवितेच्या आधारे तपासता येते.

विवेचन :
इवल्या चोचीने पक्षी घरटे विणतो, तर दोन हात लाभलेल्या माणसाने उद्यमशील व्हावे, हा या कवितेचा रूढ बोध. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. ‘टांगणे’ हे क्रियापद कोठे कोठे येते, एवढेच शोधायला सांगितले तरी वाचनाची दिशा बदलते. आरंभी झाडाला टांगला जातो तो पिलांसाठीचा झोका. पुढे त्याच क्रियापदाने आईचा जीव टांगला जातो. वस्तूकडून भावाकडे झालेले हे संक्रमण विद्यार्थ्याला स्वतः सापडते आणि कौशल्याची वाटणारी कविता वात्सल्याचीही ठरते.

मात्र केवळ छापील संहितेवर थांबणे येथे पुरेसे नाही. बहिणाबाई (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांच्या रचना इतरांनी टिपून घेतल्या व १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या. हा संदर्भ वगळल्यास खानदेशी बोलीरूपे विद्यार्थ्याला ‘अशुद्ध’ वाटण्याचा धोका असतो. म्हणून प्रकट वाचन ही पहिली पायरी, बोलीरूपाच्या जागी प्रमाणरूप ठेवून लय कोठे अडते हे ऐकणे ही दुसरी आणि पुनरावृत्त शब्दांची नोंद ही तिसरी पायरी मानावी.

माहितीचा क्रमही महत्त्वाचा आहे. सुगरण पक्ष्यात घरटे विणण्याचे काम नर करतो. हा तपशील आधी सांगितल्यास कविता ‘चूक’ ठरून चर्चा संपते. शब्दवाचनानंतर सांगितल्यास विणणारी आईच का, असा प्रश्न उभा राहतो. मराठीने या पक्ष्याला दिलेले ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव व कवितेतील टांगलेला जीव, या दोन्हींत त्याचे उत्तर शोधता येते.

समारोप :
सूक्ष्मवाचन म्हणजे संदर्भांना नकार नव्हे. संदर्भ केव्हा आणावा याचा तो विवेक आहे. परंतु प्रश्नपत्रिका केवळ मध्यवर्ती कल्पना विचारत राहिली, तर मार्गदर्शिकेतील तयार उत्तर पाठ करणारा विद्यार्थी आणि शब्दाशी थांबून विचार करणारा विद्यार्थी यांत फरक उरणार नाही. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कवितेविषयी पाठ केलेलेच का बोलतो, या तक्रारीचे मूळ या टप्प्यावरच शोधावे लागेल.