ॲस्पिरिन आणि जठराचा कर्करोग : एका दाव्याची चिकित्सा (डहाणू व तलासरीच्या संदर्भात)

प्रस्तावना : दीर्घकाळ ॲस्पिरिन घेतल्याने जठराच्या कर्करोगाचा धोका घटतो, असे विधान आरोग्यविषयक लेखनात वारंवार आढळते. ते निराधार नाही; मात्र अपुरे आहे. डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

विवेचन : पीटर रॉथवेल व सहकाऱ्यांनी २०११ साली ८ चाचण्यांतील २५,५७० व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पचनसंस्थेच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ५ वर्षांनंतर घटलेले दिसले. जठराच्या बाबतीत हा लाभ आणखी उशिरा दिसला. याउलट, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ वृद्धांवरील 'ॲस्प्री' चाचणीत (२०१८) रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या गटातच कर्करोगाचे मृत्यू अधिक आढळले. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाणही ३.८ टक्के होते. औषध न घेणाऱ्यांत ते २.८ टक्के होते.

या विसंगतीचे एक मूळ औषधाच्या कार्यातच आहे. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. त्यामुळे दाह शमतो. परंतु जठराच्या अस्तराचे संरक्षणही त्याच द्रव्यावर अवलंबून असते. लाभ आणि हानी यांचा उगम असा एकच आहे.

येथे स्थानिक वास्तव ध्यानात घ्यावे लागते. भातलावणीच्या दिवसांत कंबरदुखीवर दुकानातून गोळी आणून, प्रसंगी उपाशीपोटी घेऊन, पुन्हा शेतात उतरणे आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत अपरिचित नाही. ही गोळी बहुधा डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन असते. संशोधनातील अल्प मात्रेच्या ॲस्पिरिनचा निष्कर्ष तिला लावणे तर्कदुष्ट ठरते. शिवाय जठराच्या कर्करोगाचे प्रमुख कारण असलेल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा (१९९४ पासून कर्करोगकारक म्हणून मान्य) उपचार प्रतिजैविकांनी होतो, वेदनाशामकांनी नव्हे.

निष्कर्ष : धोका घटतो असे लिहिताना कोणाचा, किती मात्रेने आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे न सांगणे ही केवळ शैलीची उणीव नव्हे. काळी, डांबरासारखी शौचास होणे हे रक्तस्रावाचे लक्षण असू शकते, हे वाक्य अशा प्रत्येक लेखात असावयास हवे. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये, हेही तितकेच आवश्यक. अर्धे सत्य सांगणाऱ्या लेखनाची किंमत अखेर रुग्णालयापासून दूरच्या पाड्यावरील माणसाला मोजावी लागते.