स्कॅन-रेषांचे अनुकरण : एक आक्षेप

संगणकावर काढलेले चित्र व्हिडिओच्या पडद्यावरील प्रतिमेसारखे दिसावे, अशी खटपट गेल्या काही दशकांत पुष्कळ झाली आहे. आणि तिची रीत आता इतकी रूढ झाली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज कोणास भासू नये. चित्रावर आडव्या काळ्या रेषांचा अर्धपारदर्शक थर पसरावयाचा, थोडी निळसर झाक द्यावयाची, कडा किंचित पुसट करावयाच्या, की झाला पडदा! ही रीत सोपी आहे, हा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नव्हे. ती ज्याचे अनुकरण करते असे मानले जाते, त्याचे अनुकरण ती करीतच नाही, हा आक्षेप आहे.

पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील फॉस्फरच्या लेपावर रेषेमागून रेषा ओढीत वरून खाली जातो. आपल्याकडील प्रक्षेपणात एका चित्राच्या ६२५ रेषा असत. त्यांपैकी चित्राच्या वाट्यास ५७६ येत. परंतु त्या एका दमात ओढल्या जात नसत. सेकंदाच्या एका पन्नासाव्या भागात एकाआड एक रेषा, पुढच्या पन्नासाव्या भागात मधल्या उरलेल्या. पहिल्या फेरीने सोडलेली जागा दुसरी फेरी भरून काढी. घरातल्या नेहमीच्या अंतरावरून पाहणाऱ्यास जाड काळ्या रेषा दिसण्याचे कारणच नव्हते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळाची आठवण जागविण्यासाठी आज चित्रावर काळे पट्टे ओढले जातात, तेव्हा त्या प्रेक्षकाने जे पाहिलेच नाही ते त्याच्या स्मृतीच्या नावावर जमा होते.

मग हे पट्टे आले कोठून? प्रामुख्याने जुन्या घरगुती व्हिडिओ-खेळांतून. त्या यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे दोन्ही फेऱ्यांत त्याच त्या सुमारे २४० रेषा ओढीत. मधली जागा रिकामीच राही. येथे काळी रेषा खरी आहे. पण तीही सर्वत्र सारखी नाही, आणि मुख्य मुद्दा हाच आहे. चित्राचा भाग उजळ असला की झोत जोरकस होतो, त्याचा ठिपका रुंदावतो आणि शेजारची काळोखी पोकळी जवळजवळ बुजून जाते. अंधाऱ्या भागात रेषा बारीक होते. रेषेची जाडी अशा रीतीने प्रकाशाशी बांधलेली आहे. वरून पसरलेला थर मात्र शुभ्र ढगावर आणि काळ्या गुहेवर एकाच जाडीने पडतो. त्याच्यात निर्जीवपणा जाणवतो तो यामुळे; शिवाय निम्मा उजेड गिळून तो चित्राला मळकट करतो, ते निराळेच. हा प्रकाशसंबंध गणिताने साधणाऱ्या ‘शेडर’ नावाच्या आज्ञावल्या आज उपलब्ध आहेत. २१६० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर २४० रेषांपैकी प्रत्येकीच्या वाट्यास नऊ पिक्सेल येतात, आणि तेवढ्यात रेषेचा उजळ गाभा व मावळत्या कडा दाखविता येतात.

याहून उद्बोधक उदाहरण १९९१ साली सेगा कंपनीने काढलेल्या ‘सॉनिक द हेजहॉग’ या खेळातील धबधब्याचे आहे. ज्या यंत्रासाठी तो खेळ होता, त्याला खरी पारदर्शकता साधत नसे. म्हणून चित्रकारांनी धबधबा बारीक उभ्या रेघांनी काढला. सर्व रंग एकाच तारेतून नेणाऱ्या त्या काळच्या संमिश्र व्हिडिओ-संकेतात शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळत आणि पाण्यापलीकडचे दृश्य दिसू लागे. आजच्या स्वच्छ पडद्यावर पाण्याऐवजी गजांची जाळी दिसते. आता या जाळीवर काळ्या आडव्या रेषा कितीही ओढा, पाणी परत येत नाही. कारण ते पडद्याच्या रेषांत नव्हतेच, संकेताच्या धूसरपणात होते.

भट्टलोल्लटानंतर रसचर्चेत आलेल्या शंकुकाचे अनुकृतिमत येथे आठवते. त्यावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप अभिनवगुप्ताने नोंदविला आहे : ज्याचे अनुकरण करावयाचे ते आधी अनुभवलेले असावे लागते; रामाची रती पाहिली आहे कोणी? नाट्याच्या बाबतीत तो आक्षेप कितपत टिकतो, हा वाद येथे नको. आपल्या विषयाला मात्र तो तंतोतंत लागू पडतो. पिक्चर ट्यूब कधी न पाहिलेला चित्रकार पडद्याचे अनुकरण करीत नाही. तो दुसऱ्याच्या अनुकरणाचे अनुकरण करतो, आणि दर पिढीत रेषा अधिक जाड होत जाते.

यावर कोणी म्हणेल, की रेषा हा नुसता संकेत आहे. रंगभूमीवरच्या एका झाडाने अरण्य सूचित व्हावे, तसा. भित्तिपत्रकापुरते हे मान्य करावे. पण अशा नलिकांचे उत्पादन आता जवळजवळ थांबले आहे, आणि जुने खेळ व व्हिडिओ-कलाकृती संग्रहालयांत सपाट पडद्यांवर दाखविण्याची वेळ वरचेवर येते. तेथे हा थर संकेत राहत नाही. मूळ कृती कशी दिसत होती याची तो साक्ष देऊ लागतो. अशा प्रदर्शनाचे परीक्षण करणाऱ्याने धबधब्यातून पलीकडचे दिसते की नाही हे प्रथम पाहावे. रेषा मागाहून मोजाव्यात.